हर्षालीचे अकरा

जळगावात राहून मी भरीत खात नाही. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण इकडे ते सांगण्यासारखं नाही. थंडी पडली की आमच्या फिजिओथेरपी विभागातलेही सगळे रविवारी कोणाच्या तरी शेतात निघतात, आणि मी दरवर्षी नवीन कारण शोधते. एकदा पोट, एकदा उपवास. मागच्या वर्षी वांग्याची अ‍ॅलर्जी सांगितली, तर आमच्या विभागातल्या मावशींनी मला पाण्याची अ‍ॅलर्जी असल्यासारखं पाहिलं.

पण वास कुठे चुकवणार. मार्गशीर्षात संध्याकाळी गावाबाहेर गाडी निघाली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या काड्यांचा धूर असतो आणि त्यात भाजणाऱ्या वांग्यांचा तो ओलसर, गोडसर, जळका वास. बाकीच्यांना भूक लागते. मला टाळ्या ऐकू येतात. सतरा मुलींच्या आणि त्यांच्या आईबापांच्या, मोकळ्या शेतात वाजलेल्या टाळ्या. त्यानंतर, जरा उशिराने, एक धप्प असा आवाज.

त्या वर्षी मी धुळ्याला इंटर्नशिप करत होते. घर सावद्याचं, शाळा जळगावची, इंग्लिश मीडियमची. शाळेने मला चांगलं अक्षर दिलं, आणि एक सवय लावली जी अजून गेलेली नाही. काही बोलायचं असलं की वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं. मग मी ते मनात मराठीत आणते. मग ते बरोबर आहे का ते तपासते. तोवर समोरची माणसं पुढच्या विषयावर गेलेली असतात. मी शांत आहे, समजूतदार आहे, असं लोक म्हणतात. खरं तर मी उशिरा पोचते, इतकंच.

प्रोजेक्टसाठी मी उडीची चाचणी घेतली होती. साधीच असते. फूटभर उंच ठोकळ्यावर मुलीने उभं राहायचं. समोर, तिच्या निम्म्या उंचीएवढ्या अंतरावर, एक रेघ. दोन्ही पायांनी रेघेवर उडी मारायची आणि उतरल्या उतरल्या, न थांबता, सरळ वर जितकं जमेल तितकं उडायचं. असं तीनदा. समोरून आणि बाजूने व्हिडिओ घ्यायचा, मग तो हळू करून बघायचा. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का, पाय ताठ राहतात का, पावलं वाकडी पडतात का. प्रत्येक चुकीला एक आकडा. चुका जास्त, तर खेळताना गुडघ्याला धोका जास्त असू शकतो. असू शकतो, एवढंच. आमच्या मॅडम हे दोनदा म्हणायच्या.

ठोकळा मिळेना. शेवटी मी सावद्याहून केळीचा एक रिकामा क्रेट आणला. पप्पांनी मोजून दिला, बरोबर फूटभर. वरून फळी ठोकली, म्हणजे उपडा ठेवला की उभं राहता येईल. निळा प्लास्टिकचा, कोपऱ्यांत केळीच्या चिकाचे काळे डाग. जळगावहून धुळ्याच्या बसमध्ये तो मी मांडीवर घेऊन बसले. पारोळ्यापर्यंत कंडक्टर काही बोलला नाही. पारोळ्याला माझ्या शेजारची जागा रिकामी झाली, मी क्रेट तिथे ठेवला, तर तो म्हणाला, "ताई, याले खिडकीजोडे बसाडनं शे का?" सगळी बस हसली. मी क्रेट परत मांडीवर घेतला. उत्तर मला धुळं आल्यावर सुचलं.

धुळ्यापासून जवळच्याच एका गावात मुलींचा खो-खोचा संघ होता. तो नानांनी उभा केलेला. नाना म्हणजे तिथले निवृत्त खेळशिक्षक. पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि शिट्टीची गरज नसलेला आवाज. मैदान शाळेमागचं, काळ्या मातीचं, पाणी मारून आणि तुडवून घट्ट केलेलं. त्यांनी मला मुलींपुढे उभं केलं आणि सांगितलं, या डॉक्टर ताई, तुमच्या उड्यांची परीक्षा घ्यायला आल्या आहेत. मी डॉक्टर नव्हते आणि परीक्षाही नव्हती. दोन्ही गोष्टी मी मनात दुरुस्त केल्या.

हर्षाली तेव्हा दहावीत होती. उंच, सावळी, वेणी पाठीवर आपटू नये म्हणून कमरेत खोचलेली. खांबावरून सूर मारायची तेव्हा मैदानाबाहेर बसलेली म्हातारी माणसंही बोलायची थांबत. तिने क्रेटवर पाय ठेवला, फळी दाबून पाहिली, आणि माझ्याकडे बघून हसली. मुलींमध्ये ती एकटीच माझ्याशी शहरी मराठी बोलायची. मला अहिराणी येत नाही हे तिने पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं आणि कोणाला कळू न देता सांभाळून घेतलं होतं.

तिने उडी मारली. वरची उडी एवढी उंच की मोबाइलच्या चौकटीतून तिचं डोकं बाहेर गेलं. पण त्याआधी, उतरण्याच्या त्या क्षणी, तिचे दोन्ही गुडघे आत वळले आणि एकमेकांना जवळजवळ टेकले, दार लोटावं तसे. आवाजही वेगळा आला. बाकीच्या मुलींचा हलका, हिचा धप्प.

मला व्हिडिओ हळू करून बघावा लागला नाही.

दुपारभर मी शाळेच्या ऑफिसात बसून आकडे काढले. नानांना निकाल संध्याकाळीच हवा होता, कारण संध्याकाळी त्यांच्या शेतात भरीत होतं आणि मुलींचे आईवडील येणार होते. हिवाळ्यात संघ निवडला की नाना भरीत घालत, तशी पद्धतच होती. मी कागदावर दोन रकाने आखले. एकावर नाव, दुसऱ्यावर स्कोअर. स्कोअर हाच शब्द मी लिहिला. आमच्या कॉलेजात तोच म्हणतात. बहुतेकींचे पाच, सहा. सोनाली नावाची एक बुटकी, अबोल मुलगी मांजरासारखी उतरली होती, तिचे तीन. हर्षालीचे अकरा.

शेतात पोचले तेव्हा काड्यांचा जाळ पडत आला होता. बायका भाजलेली वांगी सोलत होत्या, बोटांवर फुंकर घालत. पुरुष मिरची-लसणाबरोबर ती ठेचत होते, त्याचा एका लयीत आवाज येत होता. केळीच्या पानांची रांग मांडलेली. नाना कागद घेऊन उभे राहिले. मला वाटलं, आधी ते मला काहीतरी विचारतील.

त्यांनी वरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि बोट एका ठिकाणी थांबलं. म्हणाले, अकरा. इतके कोणाचेच नाहीत. हर्षाली पहिली.

टाळ्या पडल्या. हर्षालीच्या आईने हात पुसायच्या आधीच पदर डोळ्यांना लावला आणि मिरचीने तिचे डोळे अजूनच वाहू लागले. सगळ्या बायका तिला हसल्या. सोनाली मागून पुटपुटली, "माले तीनच?" आणि तिच्या वडिलांनी तिला सांगितलं, अभ्यासातबी तुनं असंच शे. त्यावरही हशा.

चूक त्यांची नव्हती. कुठल्या घरात अकरा तीनपेक्षा कमी असतात? जन्मभर ज्यांनी मार्क पाहिलेत त्यांनी मार्कच वाचले. वाक्य माझ्याकडे होतं. अ‍ॅक्च्युअली सर, लोअर इज बेटर. मी ते मराठीत आणत होते. नाना, यात कमी आकडा चांगला असतो. नुसतं "कमी चांगलं" म्हणावं का? सगळ्यांसमोर म्हणावं की बाजूला घेऊन? तिच्या आईसमोर? मी अजून शब्द लावत होते आणि नानांनी एक रिकामा डबा उपडा घातला, हर्षालीला त्यावर उभं केलं आणि धाकट्या पोरींना पुढे बसवलं.

"देखा वं पोरीसहोन," ते म्हणाले, "हर्षाली कशी उतरस ते देखा. असं उतरनं."

तिने उडी मारली. धप्प. परत मारली. धप्प. पुढच्या रांगेत तिची बहीण खुशी होती, आठ-नऊ वर्षांची. तिने लगेच उठून बांधावरून तशीच उडी मारून दाखवली, गुडघे अगदी नेमके तसेच आत घेऊन. पुन्हा टाळ्या.

पहिलं पान हर्षालीला वाढलं. दुसरं मला. भरीत गरम होतं, कांद्याची पात वरून पेरलेली, कळण्याची भाकरी. मी सगळं खाल्लं. अजून घ्या ना ताई, म्हणाले, तर अजून घेतलं.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं, उद्या फोन करीन. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोनपेक्षा रिपोर्ट बरा. मी व्यवस्थित रिपोर्ट टाइप केला, इंग्रजीत, कारण कॉलेजलाही तोच द्यायचा होता. हर्षालीची ओळ लाल रंगाने भरली आणि पुढे लिहिलं, हाय रिस्क. खाली उतरण्याचा सराव कसा घ्यावा तेही लिहिलं, पाच मुद्दे. तो नानांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांचे जोडलेले हात आले आणि एक अंगठा.

नानांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली. तेव्हा मी स्वतःला म्हणत होते, मी कळवलं आहे. तारीख आहे, वेळ आहे, निळ्या दोन खुणा आहेत. त्या निळ्या खुणांवर मी तीन आठवडे शांत झोपले.

नंतर कळलं, नानांनी त्या रिपोर्टचे रंगीत प्रिंट काढून आणले होते. एक हर्षालीच्या घरी गेला. तिच्या आईने तो देवघराशेजारी भिंतीवर चिकटवला. बाकी सगळी नावं काळी आणि लेकीचं नाव लाल, गुलाल टाकल्यासारखं.

तीन आठवड्यांनी दुपारी नानांचा फोन आला. मी वॉर्डात होते. ते म्हणाले, "ताई, तुमची पहिली आलेली पोर पडली."

जिल्ह्याची मॅच होती. कोणी तिला ढकललं नाही, कोणाचा पाय लागला नाही. खांबाजवळ उडी घेऊन ती उतरली, उतरताना वळली, आणि खाली बसली ती उठलीच नाही. मैदानाबाहेर बसलेल्यांनाही कट् असा आवाज ऐकू आला म्हणे. गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. नाना मला दोष द्यायला फोन करत नव्हते. ते विचारत होते, एवढी चांगली उडी असलेल्या पोरीला असं कसं झालं, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा.

तेव्हाही मी म्हणाले, होतं कधी कधी.

खेळ असाच असतो, हे खरंही आहे. मॅडमना मी नावं न घेता विचारलं होतं. त्या म्हणाल्या, चाचणी म्हणजे कुंडली नव्हे. वाईट उतरणाऱ्या कित्येक जणी जन्मभर खेळतात आणि छान उतरणाऱ्या एखादीचा गुडघा जातो. तीन आठवड्यांच्या सरावाने हर्षालीचा गुडघा वाचला असता असं कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. उलट त्यामुळे दार कायमचं अर्धं उघडं राहिलं. माझ्यामुळे झालं असं म्हणून रडता येत नाही, माझ्यामुळे नाही म्हणून विसरता येत नाही.

तो व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे. दोन मोबाइल बदलले, तो बरोबर आला. अकरा सेकंदांचा नाही, आठ सेकंदांचा आहे. पण मला नेहमी अकराच वाटतात. किती वेळा तो हळू करून पाहिला. फळीवर उभी, हसते. हवेत. मग ते दार लोटलं जातं. मी तिथे थांबवते. थांबवलं की काही वेळ ती पडलेली नसते.

एकदा सावद्याला, गच्चीवर कोणी नसताना, मी स्वतः त्या क्रेटवर चढले. मोबाइल कठड्याला टेकवला आणि उडी मारली. बघितलं तर माझेही गुडघे आत. आमच्या शाळेत बाई वर्गात फिरताना मुलींच्या बाकापाशी थांबत आणि हलकेच म्हणत, नीज टुगेदर, गर्ल्स, गुडघे जुळवून बसा. हर्षालीला घरी काय सांगत असतील ते मला ठाऊक नाही, आणि गुडघे आत जायला एवढंच कारण पुरतं असंही नाही. पण त्या दिवशी गच्चीवर मला वाटलं, आपण दोघी एकाच वर्गात बसलो होतो.

यंदा कापूस वेचणीला आला आणि नानांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय काढला नव्हता. म्हणाले, धाकट्या पोरींचा नवा संघ झाला आहे, चांगल्या उडतात, तुमचा तो क्रेट घेऊन या. नाही म्हणायला मला वाक्य सुचलं नाही. माझ्या सवयीने पहिल्यांदाच मला बरोबर ठिकाणी पोचवलं असावं.

मैदान तसंच होतं. पलीकडे कोणाच्या तरी शेतात धूर. मी गेले तेव्हा पोरी सराव करत होत्या आणि मी फाटकातच थांबले. एक उतरली, धप्प. दुसरी, धप्प. तिसरी. बारा-तेरा वर्षांच्या, वेगवेगळ्या घरांच्या, कोणी जाड, कोणी काडीसारखी, आणि सगळ्यांचे गुडघे एकाच पद्धतीने आत जात होते. तीच ती उतरण. हर्षाली मैदानावरून गेली तरी तिची उडी तिथेच राहिली होती. आठ-दहा जणींच्या पायांत वाटून.

ती स्वतः मैदानाच्या कडेला पांढऱ्या फक्कीची रेघ मारत होती. आता कॉलेजात आहे. ऑपरेशन झालं, चालते नीट, खेळत नाही. नानांना मदत करते. गळ्यात शिट्टी होती. मला पाहून तशीच हसली आणि क्रेट माझ्या हातातून घेतला, उपडा ठेवला, फळी दाबून पाहिली.

आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, हर्षाली, ते तुझे अकरा...

"माले माहीत शे, ताई," ती म्हणाली. माझ्याशी ती पहिल्यांदाच अहिराणीत बोलली.

मग फक्कीचे हात झटकत तिने सांगितलं. ऑपरेशननंतर व्यायामाला जायची तिथल्या मॅडमनी सहा-सात महिन्यांनी तिला अशीच उडी मारायला लावली होती. म्हणाल्या, दोन आले, छान. ही म्हणाली, पहिले माझे अकरा होते, मी पहिली आले होते. त्या मॅडम तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तिथेच तिला कळलं. घरी येऊन तिने तो भिंतीवरचा कागद काढायला हात लावला, पण आई चुलीपाशी बसली होती. कागद अजून आहे तिथे. नानांनाही सांगणं तिला जमलं नव्हतं. लाल रंग उडून गुलाबी झालाय.

मग तिने मान वर केली. "त्या दिनले तुमले माहीत व्हतं?"

याचं उत्तर इंग्रजीतून आणावं लागलं नाही. मी म्हणाले, "हो."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त क्रेट रेघेच्या समोर नीट सरळ केला आणि हाक मारली, "खुशी, चढ वं." पोरी गोळा झाल्या. नाना शाळेच्या पायरीवर येऊन बसले. दोन-तीन आया आल्या होत्या, त्याही उभ्या राहिल्या. खुशी क्रेटवर चढली. बहिणीसारखीच वेणी कमरेत खोचलेली, आणि तोच हसू दाबायचा प्रयत्न. तिने उडी मारली.

धप्प.

हर्षालीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"नाना," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "हे चुकतंय. आणि तेव्हाही चुकलं होतं. हर्षालीचे अकरा म्हणजे अकरा चुका होत्या. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

एका आईने दुसऱ्या आईकडे पाहिलं. नानांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, आणि माझ्याऐवजी हर्षालीकडे बघत राहिले. तिने होकारार्थी मान हलवली, किंचित. पलीकडच्या शेतातून वांगी भाजल्याचा वास आला.

खुशी रेघेवरच उभी होती, एकदा बहिणीकडे, एकदा माझ्याकडे बघत.

"मंग परत मारू?" तिने विचारलं.

हर्षाली पुढे झाली. तिच्यासमोर हळूच खाली वाकली, दुखरा पाय जपत, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांना बाहेरून हात लावला. म्हणाली, माझ्या हाताकडे ढकल. आत नाही. मग बाजूला झाली.

खुशी क्रेटवर चढली. मी मोबाइल खिशात टाकला, डोळे मिटले आणि नुसती ऐकत उभी राहिले.